घरात रेंज नाही, बॅटरी टिकत नाही: नवा फोन आणि प्रीपेड कंपनी कशी निवडू?

शुश्रूषा

नमस्कार मंडळी. मी घरोघरी जाऊन आजारी आणि वयस्कर माणसांची काळजी घेते. सध्या तीन घरं धरली आहेत, दोन सकाळची, एक संध्याकाळचं. रात्री मी माझ्या घरी असते, पण तिन्ही घरच्यांना सांगून ठेवलंय की वेळ पडली तर केव्हाही फोन करा.

गेल्या आठवड्यात तशी वेळ आली. रात्री पावणेतीनला एक आजी पलंगावरून घसरल्या. त्यांच्या लेकीने मला पाच वेळा फोन लावला, पाचही वेळा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. फोन माझ्या उशाशी होता, चालू होता. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेले तेव्हा पाच मिस्ड कॉलचे मेसेज एकदम येऊन पडले. आजींना काही लागलं नाही, शेजाऱ्यांनी उचलून निजवलं. पण त्या मुलीला मी शब्द दिला होता, आणि ते मनातून जात नाही.

फोन साडेपाच वर्षांचा आहे. घरी असले की बॅटरी बघता बघता उतरते. कधी ३० टक्के दाखवत असताना एकदम बंद पडतो. अपडेट येणं दोन वर्षांपूर्वीच थांबलं. म्हणजे नवा घ्यायचा हे ठरलंय. माझे दीर परदेशातून येणार आहेत, ते म्हणतात तिकडून घेऊन येतो. आणावा का?

फोनसोबत कंपनीही बदलावी असं वाटतंय. प्रीपेडच हवं, कारण माझी कमाई कधी जास्त कधी कमी, महिनाअखेर बिल किती येईल ही धाकधूक नको. एका छोट्या कंपनीचा प्लॅन बघितला, तेवढ्याच पैशांत दुप्पट डेटा. माझा डेटा फारसा लागत नाही. जखमेचे फोटो डॉक्टरांना पाठवते, आणि रुग्णांच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल. जाणकारांनी सांगावं, सुरुवात कुठून करू?

गच्चीवरचा

ताई, रॅम कमीत कमी ८ जीबी घ्या. काही फोनांवर ‘८ अधिक ८’ असं लिहिलेलं असतं, त्यातली दुसरी ८ खरी रॅम नसते, स्टोरेजचाच तुकडा रॅमसारखा वापरतात आणि तो रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतो. स्टोरेज यूएफएस या जलद जातीचं आहे का ते बघा. ईएमएमसी ही हळू जात असेल तर वर्षा-दोन वर्षांत फोटो उघडायलाही वाट बघावी लागते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजत बसू नका. जखमेचा फोटो जवळून काढता ना? मग जवळचं फोकस नीट होतं का ते हातात घेऊन बघा.

टॉवरवाला

ताई, मी तेवीस वर्षं मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम केलं, आता निवृत्त आहे. तुमची हकिगत वाचली आणि राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

फोन शेवटी निवडा. आधी तुमच्या उशाशी कोणाची रेंज पोहोचते ते शोधा, मग त्या कंपनीच्या लहरी नीट पकडणारा फोन शोधा. लोक बरोब्बर उलटं करतात आणि मग भारी फोन घेऊन खिडकीत उभे राहतात. कॅमेरा, स्क्रीन, रॅम सगळं खरं, पण फोन हा मुळात रेडिओ आहे.

तुम्ही लिहिलंत की *घरी असले की* बॅटरी उतरते. त्या तीन शब्दांवर माझं लक्ष अडकलं. टॉवर लांब असला किंवा मध्ये भिंती असल्या की फोन जोर लावून बोलतो. टॉवरजवळ त्याला मिलिवॅटचाही छोटा अंश पुरतो. रेंज मरत आली की तोच फोन आपल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे ४जी वर साधारण २०० मिलिवॅटपर्यंत जातो. शिवाय सिग्नल हरवला की पुन्हा पुन्हा शोधत राहतो. फोन नुसता पडून असताना कोमट लागतो का? तसं असेल तर दोष एकट्या बॅटरीचा नाही. साडेपाच वर्षांची बॅटरी दमलेली असणारच, ३० टक्क्यांवर बंद पडणं हे तिचंच लक्षण. पण नव्या फोनची नवी बॅटरीसुद्धा त्या खोलीत अशीच उतरेल.

दांड्या मोजू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ असतं (काही फोनांत जागा थोडी वेगळी). तिथे सिग्नलचा आकडा डीबीएम या मापात दिसेल, नेहमी उणे. ४जी वर उणे ८५ उत्तम, उणे १०० चालतंय, उणे ११० च्या खाली गेलं की बोलणं तुटायला लागतं, आणि उणे १२० म्हणजे संपलंच. दहाचा फरक छोटा समजू नका. दर दहाला सिग्नल दहा पटींनी बदलतो, वीसला शंभर पटींनी.

उशाशी, स्वयंपाकघरात आणि तिन्ही घरी आकडे लिहून काढा. मग ओळखीतल्या कोणाची तरी दुसऱ्या कंपनीची सिम दहा मिनिटं मागून घ्या, तुमच्याच फोनमध्ये घाला आणि त्याच जागी ठेवून बघा. फोन तोच, जागा तीच, फक्त सिम वेगळी. याच्याइतकी सरळ चाचणी दुसरी नाही. कंपन्यांचे कव्हरेजचे नकाशे बहुतेक हिशेबाने काढलेले असतात, तुमच्या पलंगामागची भिंत त्यांना माहीत नसते.

शुश्रूषा

टॉवरवाले काका, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. दोन दिवस वही घेऊनच फिरले.

माझी आत्ताची सिम: उशाशी उणे ११६, मधूनच ११९. स्वयंपाकघराच्या खिडकीत उणे १०१. आजींकडे उणे ८४, दुसऱ्या दोन घरी ९० च्या आसपास. आणि हो, रात्री फोन हातात घेतला की कोमट लागतो. मी चार्जरला दोष देत होते.

शेजारणीची सिम घातली: उशाशी उणे ९८! फोन तोच. मी तीनदा काढून घालून बघितली. आजींकडे तिच्या सिमला उणे ९१ आला, म्हणजे तिथे माझीच चांगली, पण तिचीही चालण्यासारखी.

एकाच घरात एवढा फरक कसा? आणि दिरांना फोनचं काय सांगू?

टॉवरवाला

११६ वरून ९८, म्हणजे साठ पटींहून जास्त सिग्नल. छान काम केलंत.

फरकाचं एक कारण टॉवरचं अंतर, दुसरं लहरीची जात. ७०० मेगाहर्ट्झची लाट साधारण ४३ सेंटिमीटर लांब, म्हणजे हातभर. ३५०० मेगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ. कमी मेगाहर्ट्झच्या लाटा लांब जातात, वळसा घालून येतात, भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या पार होतात. जास्त मेगाहर्ट्झवर डेटा भरपूर धावतो, पण दोन भिंती आल्या की संपलं. तुमच्या शेजारणीच्या कंपनीचा एखादा खालचा बँड, म्हणजे कमी मेगाहर्ट्झच्या लहरींचा पट्टा, तुमच्या घरापर्यंत पोहोचत असणार.

आता परदेशातला फोन. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या बँडचा विकतात. डब्यावर नाव तेच, मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर वेगळं. तिकडच्या फोनमध्ये नेमका तुमचा खालचा बँड नसला तर उशाशी पुन्हा ११६. म्हणून दिरांना नुसतं नाव नका सांगू, पूर्ण मॉडेल नंबर मागा आणि त्याची बँडची यादी तुमच्या कंपनीच्या यादीशी ताडून बघा.

दुसरं, लॉक. कंपनीकडून हप्त्याने किंवा सवलतीत घेतलेला फोन बऱ्याचदा त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. तिसरं, सिमची जागा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला आयफोन १४ पासून, म्हणजे २०२२ पासून, सिमचा कप्पाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेली सिम.

आणि चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, तुमच्यासाठी तर फारच: व्होल्टी, म्हणजे ४जी वरूनच कॉल करण्याची सोय. ४जी मुळात डेटासाठी बांधलेलं. व्होल्टी नसलेला फोन कॉल आला की खाली ३जी किंवा २जी वर उतरतो, आणि ती जुनी जाळी देशोदेशी बंद होताहेत. फोनवर ‘व्होल्टी’ लिहिलेलं असूनही काही कंपन्या फक्त स्वतः तपासलेल्या मॉडेलांनाच ते सुरू करून देतात. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये ३जी पूर्ण बंद करताना असे फोन सापडले, जे एरवी ४जी वर व्यवस्थित बोलायचे पण आपत्कालीन नंबर लावला की ३जी शोधायचे. ते फोन तिथल्या नेटवर्कवर बंद करावे लागले. त्यामुळे कंपनीच्या साइटवर आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तपासायची सोय असेल तर पैसे देण्याआधी वापरा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय दिसतो. दिरांनी दुकानातच ते दाबून आकडा तुम्हाला पाठवावा.

घरी वायफाय आहे का? असेल तर वायफाय कॉलिंगबद्दलही विचारा. कंपनी आणि फोन दोन्ही चालवत असतील तर रेंज नसतानाही त्याच नंबरवर फोन वाजतो. फक्त वीज किंवा राउटर गेला तर तेही गेलं, म्हणून त्यावर एकट्यावर भिस्त नको.

छोट्या कंपनीचं म्हणाल तर त्या वाईट नसतात. बऱ्याच जणांचे स्वतःचे टॉवर नसतात, मोठ्यांचे भाड्याने घेतात. पहिला प्रश्न, कोणाचे? ते तुमच्या आत्ताच्याच कंपनीचे निघाले तर उशाशी काहीच बदलणार नाही. दुसरं, गर्दी झाली की अशा भाडेकरूंच्या ग्राहकांना काही ठिकाणी रांगेत मागे उभं करतात, डेटा संथ होतो. रात्री पावणेतीनला गर्दी नसते, पण संध्याकाळी व्हिडिओ कॉल अडखळू शकतो. शिवाय डेटा तुम्हाला लागतच नाही म्हणता, मग दुप्पट घेऊन काय करणार?

चाफा

शुश्रूषाताई, प्रीपेड घेताय म्हणून माझ्या वडिलांचं सांगते. बाबा आजारपणात तीन-चार महिने माझ्याकडे होते. त्यांचा फोन कपाटात तसाच राहिला, रिचार्ज राहून गेला. आम्ही शोधलं तोवर नंबर बंद होऊन दुसऱ्या कोणाला तरी दिला गेला होता. बाबांच्या बँकेचे ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जायला लागले. तो माणूस सज्जन, त्याने उलट आम्हालाच शोधायला मदत केली. पण बँक, पेन्शन, ईमेल, सगळीकडे नंबर बदलून घेता घेता बाबा रडकुंडीला आले. कंपनीकडे गेलो तर नियमात लिहिलंय एवढंच उत्तर. लिहिलेलं होतंही, पण आजारी माणसाच्या घरात ते कोण वाचतं हो?

म्हणून डेटाच्या आधी हे विचारा: मुदत संपल्यावर येणारे फोन किती दिवस सुरू राहतात, आणि नंबर किती दिवसांनी कायमचा जातो? दर कंपनीचं वेगळं असतं. मी आता लांब मुदतीचा प्लॅन घेते आणि संपायच्या आठ दिवस आधीचा गजर लावून ठेवते.

शुश्रूषा

चाफा, वाचून पोटात कालवलं. मी दर वेळी सगळ्यांत छोटा रिचार्ज मारत आले. माझ्याकडे तर तीन घरांचे ओटीपी येतात, आजींच्या औषधांची ऑर्डरसुद्धा माझ्याच नंबरवर.

काका, एक शेवटचं. दोन सिमचा फोन घेऊन दोन्ही कंपन्या ठेवू का? आणि ई-सिम की साधी?

टॉवरवाला

दोन सिमचा जरूर घ्या, पण दुसरी कंपनी महिनाभर चाचणीपुरती. बऱ्याच फोनांत एका सिमवर बोलत असताना दुसरीवरचा कॉल लागत नाही, आणि दोघींची मुदत सांभाळायची.

तुमच्या कामाला मी साधी सिमच म्हणेन. फोन पाण्यात पडला, फुटला, तर सिम काढून जुन्या फोनमध्ये घातली की दोन मिनिटांत तुम्ही पुन्हा लागता. ई-सिम दुसऱ्या फोनवर नेताना कंपनीची परवानगी, कोड, कधी इंटरनेट लागतं. हे पहाटे तीनला नको. जुना फोन त्यासाठीच चार्ज करून कपाटात ठेवा.

फोन कुठला ते मी नाव घेऊन सांगत नाही, तुमचे आकडेच ठरवतील. पण सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हे बघाच, तुमच्या फोनमध्ये दुसऱ्यांच्या जखमांचे फोटो आहेत. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलेक्सी एस२४ पासून त्या मालिकांना सात वर्षं कबूल केली आहेत. स्वस्त मॉडेलांना कमी असतात. ही वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. दोन वर्षं जुनं मॉडेल सवलतीत घेतलं की तेवढी वर्षं वजा.

अजून एक सोय आहे. जून २०२५ पासून युरोपीय संघात नव्या फोनांना एक लेबल लागतं. एका चार्जमध्ये किती तास, बॅटरी किती चार्जपर्यंत ८० टक्के क्षमता राखते, पडल्यावर किती टिकतो, दुरुस्ती किती सोपी, सगळं त्यावर असतं. तुम्ही कुठेही राहत असा, तेच मॉडेल असेल तर लेबल शोधून वाचा. पाण्यासाठी आयपी ६७ किंवा ६८ ही पाणी-धुळीपासून बचावाची श्रेणी बघा, तुम्हाला दिवसभर हात धुवावे लागतात.

आणि नंबर पोर्ट करताना जुनी सिम आधी बंद करायला सांगू नका. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही. शिल्लक मुदत नव्या कंपनीत सहसा येत नाही, तेव्हा रिचार्ज संपायला थोडे दिवस असताना अर्ज करा.

शुश्रूषा

तीन आठवड्यांनी लिहितेय, आधी सगळं होऊ दिलं.

दिरांनी पाठवलेल्या मॉडेल नंबरात शेजारणीच्या कंपनीचा खालचा बँड नव्हता. त्यांना तसं सांगितलं, त्यांना वाईट वाटलं, पण यादी दाखवल्यावर पटलं. फोन इथेच घेतला, मधल्या किमतीचा, आयएमईआय तपासून. सहा वर्षं अपडेट आहेत, त्यातलं एक गेलंय. छोट्या कंपनीला विचारलं, टॉवर माझ्या जुन्या कंपनीचेच निघाले, म्हणून तो विषय सोडला. आधी शेजारणीच्या कंपनीची दुसरी सिम दोन आठवडे वापरली, मग नंबर पोर्ट केला. लांब मुदतीचा रिचार्ज मारला आणि चाफा म्हणाली तसा गजर लावला.

उशाशी उणे ९६. सकाळी बॅटरी रात्रीपेक्षा ४ टक्क्यांनी कमी; आधी पाव बॅटरी जायची.

काल आजींच्या लेकीला म्हटलं, रात्री झोपायच्या आधी एकदा मला फोन लावून बघ. साडेअकराला लावला. पहिल्या रिंगला उचलला. ती काही बोललीच नाही थोडा वेळ, मग म्हणाली, बरं झालं मावशी, आता झोपते.