८० मिमी रिफ्रॅक्टर, हलकी तिपाई आणि नाचणारा शनी: आधी माउंट बदलू की तिपाई?

मंडळी, दोन महिने वाचतेय आणि जितकं वाचावं तितका घोळ वाढतोय, म्हणून शेवटी विचारतेच.

दुर्बीण सेकंडहँड घेतली: रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगांची, ८० मिमी व्यासाची, एफ/६, म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या सहापट, ४८० मिमी. नळी झकास आहे, तक्रार तिच्याबद्दल नाहीच. नळी धरायच्या कड्या, डायगोनल (नजर वळवणारा तुकडा), आयपीस (डोळा लावायचं भिंग) आणि रेड डॉट (नेम धरायचा लाल ठिपका) लावून कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली, ३ किलो ३०० ग्रॅम भरली. (तो म्हणाला, "ताई, तोफ आहे का?")

ती बसवलीय घरात पडून असलेल्या व्हिडिओ तिपाईवर, फ्लुइड हेडसकट (कॅमेरा सावकाश वळवणारा वरचा भाग, सध्या तोच माझं माउंट). तिपाईच्या खोक्यावर क्षमता ८ किलो छापलीय. मला वाटलं, निम्म्याहून कमी वजन आहे, काय होणार?

झालं ते असं. क्षितिजाजवळ सगळं छान. नळी ४५ अंशांच्या वर नेली की मूठ कितीही आवळा, ती मागच्या बाजूला हळूहळू ओघळते. परवा शनी चांगलाच वर होता. ६ मिमीचा आयपीस, ८० पट. फोकसरच्या चाकाला बोट लावलं की शनी झिम्मा घालायला लागतो. घड्याळ लावून मोजलं, थांबायला सहा सेकंद. तोवर फोकस जमला की बिघडला ते कळत नाही, मग पुन्हा बोट, पुन्हा झिम्मा. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याकडे कडेने वळली होती, आता कुठे पुन्हा उघडायला लागलीत, आणि मला दिसतोय थरथरणारा लाडू.

अडचण वजनाची आहे. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गच्ची पाचव्यावर, लिफ्ट नाही आणि माझा उजवा खांदा कुरकुरतो. शिवाय दिवाळीत एसटीने पाटणकडे गावी न्यायचीय. लक्ष्मीपूजनाची अमावास्या, फटाके संपल्यावरचा काळोख आणि डोक्यावर देवयानी दीर्घिका, हे सोडायचं नाहीये. नळीसकट सगळं ८ किलोच्या आत बसलं पाहिजे. फोटो काढायचे नाहीत, नुसतं बघायचंय. दोन्ही एकदम घेणं परवडणार नाही, मग आधी काय बदलू?

प्रतिसाद १

ताई, दुखणी दोन आहेत, ती वेगळी करा.

नळी ओघळते तो दोष हेडचा. फ्लुइड हेडचा आडवा अक्ष नळीच्या खाली असतो. नळी वर केली की तिचा भार अक्षाच्या मागे जातो, मग मूठ आवळून काय होणार? कॅमेरा क्वचितच आभाळाकडे वळतो, म्हणून व्हिडिओवाल्यांना हे जाणवत नाही. तुम्हाला एका बाहूचं अल्ट-अझिमथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारं) माउंट हवं, ज्यात नळी बाजूला डोव्हटेलवर (खाचेत सरकणाऱ्या पट्टीवर) बसते. स्काय-वॉचरचं एझेड५ किंवा व्हिक्सनचं पोर्टा २ बघा. दोन्हींना स्लो मोशनच्या मुठी आहेत, त्या फिरवून नळी अगदी हळू सरकवता येते. ८० पटीला ६० अंशांच्या आयपीसमधून तारा जेमतेम तीन मिनिटांत पार होतो, त्यामुळे त्या मुठी लागतातच. बसवताना सगळ्यात जड आयपीस लावून, क्लच (अक्ष आवळणारी पकड) सैल करून नळी पुढेमागे सरकवा आणि तोल साधा.

झिम्मा कुणाचा ते आज रात्री तपासा. तिपाईचा माथा दोन्ही हातांनी धरून अलगद पिळा. माथाच फिरला तर दोष पायांचा, माथा घट्ट आणि वरची प्लेट हलली तर हेडचा. तरी माझं मत, आधी माउंट.

प्रतिसाद २

माझं उलट मत. नवं माउंटही त्याच काटकुळ्या पायांवर बसणार ना? खोक्यावरचे ८ किलो म्हणजे तिपाई मोडणार नाही एवढंच, थरथरणार नाही असं कुणी लिहिलेलं नसतं. मधला दांडा वर काढला असेल तर आधी पूर्ण खाली घ्या. सगळ्यात खालचा, बारीक टप्पा उघडू नका.

गच्चीसाठी जुन्या बाजारात सर्व्हेवाल्यांची लाकडी तिपाई शोधा. जड असते, पण लाकूड थरथर पिऊन टाकतं. तिचा बोल्ट ५/८ इंची असतो आणि फोटोवाल्यांचा ३/८, तेव्हा लेथवाल्याकडून अडॅप्टर करून घ्यावा लागेल. ती गच्चीच्या खोलीत कायमची ठेवायची, म्हणजे जिने चढताना फक्त नळी आणि माउंट.

धागालेखिका

दोघांचंही ऐकलं. माथा पिळला तर मेला चक्क फिरतो! दांडा पूर्ण वर होता, हे कबूल करायला लाज वाटतेय. तो खाली घेतला, खालचा टप्पा मिटला आणि मधल्या हुकाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन लटकवला, तोही जमिनीला जेमतेम टेकेल असा, नाहीतर तोच झोके घेतो. सहाचे अडीच सेकंद झाले. कड्यांची फट दिसली, खरंच दिसली!

पण आता शनी वर असला की आयपीस माझ्या गुडघ्याशी येतो. काल स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून बघितलं, तरी मान खालीच घालावी लागली.

तर माउंट आधी घेते, गावी हीच तिपाई अशीच मिटून नेईन. एकच शंका उरली: पाय इतके आखूड ठेवल्यावर नळी डोक्यावर वळवली की तिचं मागचं टोक पायांना आपटेल ना? माउंटखाली वीतभर उंचीचा तुकडा जोडला तर थरथर पुन्हा वाढेल का? कुणी ८० मिमीच्या नळीवर करून पाहिलंय?