घरचे नियम पहिल्या डावाआधी ठरवू या

विषय: नवी कॅम्पेन आणि घरचे नियम
प्रेषक: डीएम

मंडळी, नमस्कार.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नव्या कॅम्पेनला (म्हणजे बरीच सेशन चालणाऱ्या मोहिमेला) पाच भिडू पक्के झाले. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा; तुमची पात्रं फायटर (योद्धा), क्लेरिक (बरं करणारी पुजारीण), विझार्ड आणि वॉरलॉक (दोघे मंत्रवाले) आणि रोग (इंग्रजी Rogue, चोरट्या चालीचं पात्र). दोघं मुरलेले, दोघं अधूनमधून खेळणारे आणि रोग घेणारी एकजण अगदी कोरी पाटी. गोष्टीचा सांगाडा असा: राज्य मोडकळीला आलंय, सीमेवरच्या घाटापलीकडे रान माजलंय आणि त्या रानातला बुजलेला रस्ता तुम्हाला पुन्हा शोधायचाय. म्हणजे चाल भरपूर, लढाया विरळ. नियमांची पुस्तकं २०१४ चीच वापरू, सगळ्यांकडे तीच आहेत.

आता घरचे नियम. पात्राच्या सहा गुणांसाठी (ताकद, चपळाई वगैरे) दर वेळी सहा बाजूंचे चार फासे टाकून सर्वांत लहान सोडून द्यायचा, ही पद्धत सगळ्यांनाच आवडते. तिची सरासरी १२.२४ येते आणि पुस्तकातल्या ठरावीक संचाची (१५, १४, १३, १२, १०, ८) बरोबर १२. फरक सरासरीत नसतोच, तो शेजारी बसलेल्यात असतो. एकाला १७, १६, १५ पडतात, दुसऱ्याचा १३ वर जीव अडकतो आणि मग ते रडगाणं शेवटच्या सेशनपर्यंत पुरतं. म्हणून प्रत्येकाने एकेक संच टाकायचा, पाचही संच मध्ये मांडायचे आणि ज्याला जो भावेल तो त्याने घ्यायचा. सगळ्यांनी एकच उचलला तरी हरकत नाही.

क्रिटिकल: वार करताना वीस बाजूंच्या फाशावर वीस पडल्यावर नुकसानीचे दुप्पट फासे टाकायचे आणि दोन्हींवर एकेक यायचा, हे फार केविलवाणं दिसतं. एका फाशाची कमाल किंमत थेट धरू, दुसरा टाकू.

त्याच फाशावर एक पडला की फजिती: हत्यार निसटेल, तोल जाईल, नाहीतर आपल्याच माणसाला लागेल.

विश्रांती: लहान विश्रांती आठ तासांची, मोठी सात दिवसांची. हा पर्याय पुस्तकातच आहे. रोज रात्री झोपून सगळं भरून येत असेल, तर चार दिवसांत एक लढाई असलेल्या रानाची भीती कुणाला वाटणार?

हिट पॉइंट (म्हणजे जीव) शून्यावर येऊन पडलेला माणूस उठला की थकव्याची एक पायरी चढेल. नाहीतर पडा, उठा, पुन्हा पडा, हा झोपाळा चालू राहतो.

बोला.

---

विषय: उत्तर: नवी कॅम्पेन आणि घरचे नियम
प्रेषक: क्लेरिक

डीएमभाऊ,

समाईक संचाला दोन्ही हात वर. झोपाळा मोडायलाही हरकत नाही, दर वेळी उठवायला मीच धावते. पण मोठ्या विश्रांतीत थकव्याची एकच पायरी उतरते आणि तिसऱ्या पायरीवर प्रत्येक वार डिसअ‍ॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून लहान धरायचा) टाकावा लागतो. ती विश्रांती सात दिवसांची करून वर हा नियम लावलात, तर आम्ही रस्ता शोधणार की आजारपण काढत बसणार?

क्रिटिकलचं गणित मी मांडून पाहिलं. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला साधारण ८ हिट पॉइंट. गॉब्लिनच्या तलवारीचं नुकसान सहा बाजूंचा एक फासा अधिक २. पुस्तकी क्रिटिकलमध्ये दोन फासे अधिक २, म्हणजे आठ किंवा जास्त लागून विझार्ड पडायची शक्यता ७२ टक्के. तुमच्या नियमाने ६ अधिक २ अधिक एक फासा, म्हणजे कमीत कमी ९. वीस पडला की विझार्ड आडवा, फासा टाकायचीही गरज नाही. कमाल १४, आणि जागीच मरायला हिट पॉइंटच्या दुप्पट लागतात, त्यामुळे तेवढं होत नाही, एवढाच दिलासा. शिवाय पूर्ण मोहिमेत आमच्यावर जेवढे वार होणार, तेवढे कुठल्याच एका राक्षसावर होत नाहीत. तो बिचारा तीन फेऱ्या जगतो.

आणि फजिती तर नकोच. फायटरदादा, तुम्हीच हसत हसत मान डोलावाल म्हणून तुमच्यासाठी लिहिते. पाचव्या लेव्हलला तुम्ही एका पाळीत दोनदा वार करणार. त्यात निदान एकदा एक पडायची शक्यता जवळजवळ १० टक्के. अकराव्याला तीन वार, १४ टक्के. चार पाळ्यांची लढाई धरली, तर पाचव्या लेव्हलला ३४ टक्के आणि अकराव्याला ४६. म्हणजे जितके मुराल तितक्या वेळा तलवार हातातून पडणार! विझार्ड आगीचा गोळा टाकतो तेव्हा फासा शत्रूने टाकायचा असतो. त्याची फजिती कधीच नाही.

---

विषय: उत्तर: नवी कॅम्पेन आणि घरचे नियम
प्रेषक: फायटर

क्लेरिकताई, मान डोलावली होती, कबूल. पण फजितीशिवाय मजा काय? मागच्या मोहिमेत माझा भाला पुलावरून खाली गेला, तो प्रसंग अजून सगळे सांगतात. त्याच पाळीत मी मेलो हे मात्र कुणी सांगत नाही.

तोडगा सुचवतो. पाळीतल्या पहिल्याच वाराला एक पडला तर फजिती, बाकीच्यांना नुसता वार चुकला. मग लेव्हल कुठलीही असो, ५ टक्केच. आणि नुकसान नको, फक्त गोष्टीतली फजिती: तोंडावर आपटेन, पण हत्यार हातात राहील.

---

विषय: उत्तर: नवी कॅम्पेन आणि घरचे नियम
प्रेषक: विझार्ड

माझ्यावर एवढी चर्चा झाली, बरं वाटलं.

विश्रांतीबद्दल एक राहिलं. मेज आर्मर (मंत्राचं चिलखत) आठ तास टिकतं. मोठी विश्रांती आठवड्याची झाली, की माझ्या मंत्रांच्या बहुतेक जागा आठवडाभर रिकाम्या, आणि थोड्या भरतील त्या चिलखतातच जाणार. इकडे वॉरलॉकच्या सगळ्या जागा लहान विश्रांतीत, म्हणजे रोज रात्री, भरणार. मग मी काठी टेकत त्याच्या मागून चालायचं का? मला वाटतं मोठी विश्रांती आठ तासांचीच ठेवा, पण ती फक्त छपराखाली आणि पहाऱ्यात मिळेल असं करा. रानात नुसती लहान.

---

विषय: उत्तर: नवी कॅम्पेन आणि घरचे नियम
प्रेषक: डीएम

छपराचं पटलं. वाटेवर जुन्या चौक्या पेरतो, त्या ताब्यात घेतल्याशिवाय मोठी विश्रांती नाही. मोहिमेला आपोआप नकाशाही मिळाला. थकवा राहील, मात्र एका दिवसात एकच पायरी चढेल आणि चौकीत झोपलात की दोन उतरतील. मेज आर्मर पुढच्या मोठ्या विश्रांतीपर्यंत टिकेल, पण एका वेळी एकाच अंगावर.

क्रिटिकलची कमाल फक्त तुमच्यासाठी, राक्षस पुस्तकाप्रमाणे. हा सरळसरळ पक्षपात आहे आणि मला तो मान्य आहे. फायटरदादांची फजिती ठेवतो, तीन सेशन चालवून बघू, त्रास झाला तर मुकाट्याने काढून टाकेन.

रोगबाई अजून काहीच बोलल्या नाहीत. पहिली दोन सेशन त्या लिंबूटिंबू: शून्यावर पडल्या तर बेशुद्ध, मृत्यूचे फासे नाहीत. तिसऱ्यापासून राज्य सगळ्यांवर सारखं.

शनिवारी सेशन झीरो, म्हणजे खेळाआधीची बैठक. टेबलावर काय अजिबात नको आणि काय पडद्याआड चालेल, हे प्रत्येकाने कागदावर लिहून आणा. नाव घालू नका.

---

विषय: उत्तर: नवी कॅम्पेन आणि घरचे नियम
प्रेषक: रोग

मी पुस्तक वाचत होते, म्हणून गप्प होते. लिंबूटिंबू चालेल. पण मग त्या दोन सेशनमध्ये सापळ्याचं दार पहिल्यांदा मीच उघडणार. पडले तरी मरत नाही ना?