मदत हवी आहे: आर या प्रोग्रामिंग भाषेत कोड २०० (म्हणजे 'यशस्वी') येतो, पण आत चुकीचं पान. रिट्राय (पुन्हा प्रयत्न) कसं लावायचं?

मंडळी, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजार समित्यांचे केळी-कापसाचे रोजचे भाव एचटीटीआर२ या वेबवरून डेटा आणणाऱ्या पॅकेजने एका सर्व्हरवरून ओढायचे आहेत. मागच्या २ वर्षांचे, म्हणजे दर समितीमागे साधारण ७०० रिक्वेस्ट.

४०४ ची ('सापडलं नाही') अडचण नाही. ट्रायकॅच या चुका पकडणाऱ्या फंक्शनमध्ये त्या एररचा क्लास पकडून ती तारीख 'आवक नाही' अशी लिहिली जाते. खरा त्रास वेगळा आहे. लोड वाढला की सर्व्हर कोड २०० देतो, पण जेसन (डेटाचा मजकूर-साचा) ऐवजी 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' असं एचटीएमएल पान पाठवतो. रिट्राय मुळात फक्त ४२९ (फार रिक्वेस्ट) आणि ५०३ (सेवा उपलब्ध नाही) ला तात्पुरती चूक मानतं, त्यामुळे ५ प्रयत्न दिलेले असूनही ते एकदाही चालत नाही.

म्हणून 'इज-ट्रान्झियंट'मध्ये (चूक तात्पुरती आहे का ते ठरवणाऱ्या पर्यायात) स्वतःचं फंक्शन दिलं: कन्टेन्ट टाइप जेसन नसेल तर ट्रू. इथे जपून, कारण आपलं फंक्शन दिलं की ४२९ आणि ५०३ ची मूळ अट जाते. ती परत लिहावी लागते. टाइमआउट (उत्तरच न येणं) तर यात येतच नाही, त्यासाठी 'रिट्राय-ऑन-फेल्युअर' वेगळं चालू केलंय.

पण पाचही प्रयत्न फसले की तो २०० यशस्वी म्हणूनच परत येतो. 'इज-एरर'मध्ये (उत्तर चूक मानायचं का ते ठरवणाऱ्या पर्यायात) तीच अट पुन्हा लिहायची, की याहून नीट पद्धत आहे? तसं केलं तर मूळची ४०० च्या पुढची तपासणी त्यातच जोडायची ना? आणि एका सेकंदाला १ रिक्वेस्ट हा थ्रॉटल (वेगमर्यादा) पुरेसा वाटतो का?