गोव्याचा कायदा आणि घरातली सही

कुणीतरी लिहिलंय की गोव्यात समान नागरी कायदा आहे, तिथे कौटुंबिक बाबतीत धर्म आडवा येतच नाही. अर्धं पटलं. हा कायदा मुळात पोर्तुगीज राजवटीतली 1867 ची नागरी संहिता; तिच्यासोबत 1880 चा एक हुकूमनामाही होता, खास तिथल्या हिंदूंच्या रूढींसाठी: बायकोला पंचविशीपर्यंत मूल किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर नवऱ्याला दुसरं लग्न करता येई. समान म्हणे!

पण मालमत्तेचं प्रकरण खरंच वेगळं आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको दोघंही मिळकतीचे निम्मे निम्मे मालक. आमच्या मामाला वडिलोपार्जित बागायत विकायची होती. "घरच्या बाईंची सही कुठंय?" म्हणून त्याला नोंदणीतून परत पाठवलं. मामी पुढे कितीतरी दिवस रुबाबात होती! आईबापांच्या निम्म्या मिळकतीवरही मुलांचा हक्क असतो, मुलगी असो वा मुलगा. मृत्युपत्राने तो डावलता येत नाही. तरी लग्न झालेल्या बहिणींकडून हक्कसोडीवर सह्या घेणारी घरं हिंदूंतही आहेत आणि ख्रिश्चनांतही. तिथे सरकार काय करणार? सही तर स्वखुशीची असते, कागदावर.