आयनीकरण की आयनीभवन?

ऐरोलीकर:
नमस्कार. मी महाप्याला धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो. नव्या मुलांसाठी मराठीत एक पान लिहितोय. घन नमुना आम्लात न विरघळवता त्यावर थेट लेझर मारून मूलद्रव्यं कशी ओळखतात, हा विषय. लेझरनं अणूंना विद्युत प्रभार मिळून त्यांचे आयन होतात, त्याला मी 'लेझर आयनीकरण' लिहिलं. सहकारी म्हणतात, शाळेत 'आयनीभवन' होतं. दोन्ही एकच का? शिवाय आयनांच्या वस्तुमानांच्या आलेखाला 'वस्तुमान वर्णपट' लिहिताना हात अडखळतो, यात रंग कुठेच नाही.

नौपाडेकर:
एकच नाहीत. जे तसं नव्हतं ते तसं झालं की भवन, कुणी तसं केलं की करण. तलावपाळीच्या पाण्याचं बाष्पीभवन होत असतं, पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण करावं लागतं. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात गेला की त्याचं आयनीभवन होतं. तुम्ही लेझर मुद्दाम मारता, म्हणून आयनीकरण. दोन्हींत 'नी' दीर्घच हवी, 'आयनिकरण' कृपया नको. वर्गात मी हे वर्षानुवर्षं दुरुस्त करते आहे.

ऐरोलीकर:
पटलं, पण इथे करणं आणि होणं एकाच झटक्यात घडतं. लेझरचा स्पंद, म्हणजे पल्स, काही नॅनोसेकंदांचा, पण बारीक ठिपक्यावर एकवटला की तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला अब्ज वॅट किंवा त्याहून जास्त. तेवढ्या जागेची वाफ होते, वाफेचा प्लाझ्मा, म्हणजे आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेला तप्त वायू, होतो आणि बरेचसे आयन त्या प्लाझ्मात तयार होतात.

वाशीकर:
एक सावधगिरी. दुसऱ्या एका पद्धतीत लेझर फक्त कण उडवतो. मग हेलियम किंवा आरगॉन ते कण वेगळ्या आरगॉन प्लाझ्मात नेतो आणि आयन तिथे बनतात. बोलताना दोन्हींना 'लेझरचं मशीन' म्हणतात, पण या दुसऱ्याला 'लेझर आयनीकरण' लिहिलं तर मुलं चुकीचं शिकतील.
आणि कण उडवण्याला कुठे कुठे 'अपक्षरण' लिहितात, तोही शब्द धातूच्या प्रयोगशाळेत घातक आहे. आपल्याकडे क्षरण म्हणजे गंजणं. पोरगं विचारेल, लेझरनं गंज चढतो का? सरळ 'थर उडवणं' लिहा.

नौपाडेकर:
वर्णपटाचं मूळ जुन्या उपकरणांत आहे. भौतिकशास्त्रज्ञ थॉमसन यांनी निऑन वायूचे 20 आणि 22 वस्तुमानाचे दोन प्रकार फोटोच्या काचेवर वेगळे पाहिले, त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी 1919 मध्ये वस्तुमानानुसार आयन वेगळे करणारं अधिक नेमकं उपकरण बांधलं. त्यांच्या काचेवरच्या रेषा प्रकाशाच्या वर्णपटासारख्या दिसायच्या, नाव तिथून चिकटलं. तुमच्या यंत्रात आता काय दिसतं?

ऐरोलीकर:
उड्डाणकाळ. सगळ्या आयनांना सारखी ऊर्जा देऊन नळीत सोडतो. हलका आधी पोचतो. प्रभार सारखा असेल तर 56 वस्तुमानाच्या लोहापेक्षा 208 च्या शिशाला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. पडद्यावर नुसती शिखरं.

नौपाडेकर:
मग 'वर्ण' गाळा. पट म्हणजे पसरून मांडलेलं, बुद्धिबळाचा असतो तसा. 'वस्तुमानपट' म्हणा. मला तर तोच शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

ऐरोलीकर:
छान! आता असं लिहितो: 'लेझरचा एकच स्पंद घन नमुन्याचा पातळ थर उडवतो आणि त्याचं आयनीकरण करतो. आयन वस्तुमानाप्रमाणे मागेपुढे पोचतात, त्यांचा आलेख म्हणजे वस्तुमानपट.'

वाशीकर:
'त्याचं' नको, 'उडालेल्या वाफेतल्या काही अणूंचं' करा. बरेचसे अणू प्रभाराविनाच राहतात.