राउटरला यूएसबी पोर्ट एकच. प्रिंटर आणि हार्ड डिस्क दोन्ही कसे जोडावेत?

गोदाकाठ: नमस्कार. आमच्या वायफाय राउटरला एकच यूएसबी २.० पोर्ट आहे. वडिलांच्या वकिलीच्या कामाचा जुना लेझर प्रिंटर आणि घरच्या छायाचित्रांची अडीच इंची हार्ड डिस्क ही दोन्ही त्यावर जोडून सर्व संगणकांवरून वापरता यावीत, अशी इच्छा आहे. साध्या यूएसबी हबने (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीने) हे जमेल का? खर्च १,५०० रुपयांच्या आत हवा. प्रिंटर उत्तम चालतो, त्यामुळे तो बदलायचा नाही.

चाफेकळी: आम्ही गेल्या वर्षी वायफाय असलेला इंक टँक प्रिंटर घेतला आणि हा प्रश्नच मिटला. मोबाइलवरूनही छपाई होते. आपणही तोच मार्ग घ्यावा, असे मनापासून सांगते.

निवृत्त_अभियंता: हब घ्यायचा तर स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेलाच घ्यावा. यूएसबी २.० पोर्टने उपकरणाला ५०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देणे अपेक्षित असते, आणि फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होतानाच त्याहून अधिक ओढू शकते. माझी डिस्क साध्या हबवर टकटक आवाज करून मध्येच नाहीशी होत असे. अ‍ॅडॉप्टरचा हब आणल्यावर तो त्रास थांबला.

सह्यकडा: माझ्याकडे साध्या हबवर दोन पेनड्राइव्ह कित्येक महिने विनातक्रार चालत आहेत. अ‍ॅडॉप्टरचा खर्च अनावश्यक आहे.

निवृत्त_अभियंता: पेनड्राइव्हमध्ये फिरणारी तबकडी नसते, त्यामुळे ही तुलना येथे लागू होत नाही.

तारायंत्र: विजेइतकाच प्रश्न राउटरच्या फर्मवेअरचा, म्हणजे त्याच्या आतल्या प्रणालीचा आहे. यूएसबीच्या नियमांनुसार एका यजमानाला (येथे राउटरला) १२७ उपकरणे जोडता येतात, पण घरगुती राउटरचे फर्मवेअर हब ओळखेलच असे नाही. काही ठिकाणी हब ओळखला जातो, पण त्यावरची एकच डिस्क दिसते. म्हणून खरेदीआधी आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत हबचा उल्लेख आहे का, ते पाहावे. प्रिंटर राउटरवर चालला तरी प्रत्येक संगणकावर त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारे सॉफ्टवेअर) घालावाच लागतो, आणि बहुउद्देशीय यंत्र असेल तर स्कॅनिंग बहुधा चालत नाही.

सह्यकडा: हब ३.० चा घेऊ नका. त्याने २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये व्यत्यय येतो. इंटेलनेच २०१२ मध्ये तसे दाखवून दिले आहे.

तारायंत्र: तो व्यत्यय ३.० च्या वेगाने संदेशवहन होत असताना येतो. २.० पोर्टवर ३.० चा हबही २.० प्रमाणेच चालतो, म्हणून येथे ती भीती नाही आणि जास्त पैसे देण्याचे कारणही नाही.

मोगरा_पुणे: राउटरचा प्रोसेसर दुबळा असतो आणि छायाचित्रे मोलाची असतात, म्हणून दोन डिस्कचा एनएएस (नेटवर्कला जोडायची स्वतंत्र साठवणपेटी) घ्यावा. मी घेतला आहे. किंमत बरीच आहे, पण एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर प्रत राहते.

पायवाट: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर कप्स (छपाईसाठी) आणि सांबा (फाइली सामायिक करण्यासाठी) ही सॉफ्टवेअर बसवली की प्रिंटर व डिस्क दोन्ही नीट चालतात. एकच दक्षता घ्यावी: त्याच्या चारही यूएसबी पोर्टवर मिळून १.२ अँपिअरच प्रवाह मिळतो. डिस्क फॅट३२ या जुन्या फाइल-रचनेत असेल तर ४ जीबीची फाइल तिच्यावर बसत नाही, हेही तपासावे. शिवाय जुने राउटर एसएमबी १ या फाइली सामायिक करण्याच्या जुन्या पद्धतीनेच फाइली देतात आणि विंडोज १० च्या २०१७ पासूनच्या आवृत्त्यांत ते सहसा बंद असते, त्यामुळे डिस्क राउटरला दिसते पण संगणकाला दिसत नाही.

चाफेकळी: एवढ्या खटपटीपेक्षा वायफाय प्रिंटर सोपा नाही का?

गोदाकाठ: सर्वांचे आभार. माहितीपुस्तिका पाहिली, त्यात एका वेळी एकच उपकरण जोडावे, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे हब घेत नाही. राउटरवर केवळ डिस्क ठेवतो आणि प्रिंटर वडिलांच्या संगणकाला जोडून विंडोजमधूनच सामायिक करतो, कारण तो संगणक कामाच्या वेळेत सुरूच असतो. छायाचित्रांची दुसरी प्रत जुन्या डिस्कवर वेगळी ठेवीन.

मोगरा_पुणे: त्यापेक्षा एनएएसच योग्य ठरला असता, असे मला अजूनही वाटते.

निवृत्त_अभियंता: निर्णय पटण्याजोगा आहे. वडिलांच्या संगणकाची आपोआप स्लीपमध्ये जाण्याची सोय मात्र बंद करावी, अन्यथा इतरांची छपाई रांगेत अडकून राहील. डिस्क काढण्यापूर्वी राउटरच्या सेटिंगमधून ती सुरक्षितपणे विलग करावी, आणि वीज जात असेल तर राउटर यूपीएसवर ठेवावा. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडू शकतात.