चार पाखरांसाठी बायपास अडवायचा का?

डांबरी
बाजारपेठेत रोज ट्रकांची रांग, ॲम्ब्युलन्स एसटी स्टँडपाशी अडकते, आणि काही 'निसर्गवाले' माळावर तणमोर नाचतो म्हणून बायपासविरुद्ध गावोगाव ग्रामसभांचे ठराव गोळा करून राहिले. जमीन ई-क्लास, म्हणजे सरकारी गुरचरण. पडीक. चार पाखरं उडून दुसरीकडे जातील, पंख कशाला दिले देवानं?

कुसळी
'पडीक' वाचलं आणि लिहायला बसलो. तलाठ्याच्या दप्तरात पडीक म्हणजे पेरा नाही, एवढंच. त्या माळावर गवतं आहेत: पवन्या आहे, मारवेल आहे, कुसळी आहे. तणमोर जुलै ते सप्टेंबर तिथे असतो. नर एकाच जागेवरून दिवसात शेकडो उड्या मारतो, दीड-दोन मीटर उंच, मादीला गवतावरून दिसावं म्हणून. गवत गुडघाभर लागतं. चरून बोडकं झालं तर लपण नाही, छातीएवढं वाढलं तर उडी दिसत नाही. पंख फडफडल्याचा आवाजही लांब जातो, तो ट्रकांच्या घरघरीत ऐकू येणार आहे का?

'दुसरीकडे' म्हणजे सोयाबीनमध्येच ना? उतरतो तिथेही. पण अंडी जमिनीवर, आणि डवरणी-फवारणी नेमकी त्याच महिन्यांत. 2021 पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. अकोला-वाशिमकडे फासेपारधी लोकांनी, ज्यांचा पिढीजात धंदाच शिकारीचा होता, त्यांनी माळ राखायला घेतले. आणि शिकलेले लोक पंखांचे विनोद करतात.

सातबारा
पाखराबद्दल बरोबर, लढाईबद्दल चूक. ठराव गोळा करणाऱ्यांनी आधी कायदा वाचावा. वनहक्काची संमती म्हणाल तर महसुली ई-क्लास हे वन नाही. असतं तरी रस्ता-कालव्यासारख्या रेषीय प्रकल्पांना 5 फेब्रुवारी 2013 च्या परिपत्रकानं ग्रामसभेच्या संमतीतून मोकळं केलंय, अपवाद आदिम जमातींच्या हक्कांचा. जनसुनावणी? ती पर्यावरण मंजुरीसोबत येते. जुना हायवे रुंद करताना ती मंजुरी लागते 100 किमीच्या वर, आणि तीही वळणरस्त्याला 60 मीटरहून जास्त रुंदीची जादा जागा लागत असेल तर. तालुक्याचा बायपास त्यात कुठून बसणार? खासगी जमिनीला 3अ (महामार्ग कायद्याची संपादनाची अधिसूचना) निघालं की 21 दिवसांत हरकत घेता येते, ती जमिनीत हितसंबंध असलेल्यानं. ई-क्लास सरकारचीच, म्हणून आखणीवाल्याला सगळ्यात आधी तीच दिसते. भूसंपादनाचा खर्च शून्य.

डांबरी
म्हणजे कायदा आमच्या बाजूनं. धन्यवाद.

सातबारा
घाई नको. महसूल संहितेचं कलम 22अ आहे: दुसरी योग्य सरकारी जमीन मिळत नसेल तरच गुरचरण सार्वजनिक कामाला वळवता येतं. 'दुसरी जमीन पाहिली का' हे लेखी विचारा.

कुसळी
आणि जगपाल सिंग निकाल, 2011?

सातबारा
तो सामाईक जमिनीवरच्या अतिक्रमणांचा. हायवेवर त्याचा दगड फेकू नका, वकील हसेल.

लेव्हलमशीन
दोघंही टोकाला. पेंचला नागपूर-सिवनी रस्त्यावर महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ भुयारी मार्ग केले, सगळ्यात लांब 750 मीटरचा. 2019 मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांत 11 वेगवेगळे वाघ टिपले गेले. इथेही दोन भुयारं द्या, काम चालू करा.

कुसळी
पेंच जंगल आहे. वाघ, चितळ सावलीतून चालतात. काळवीट उघड्यावरचं जनावर, लांबवर दिसलं नाही तर बिचकतं. आणि तणमोराला भुयार देणार? पायऱ्या पण बांधा त्याच्यासाठी.

बाकी भुयारासाठी भराव किती उंच करणार? साधा भराव धरा: माथा 24 मीटर, उंची 3, उतार एकास दोन. आडवा छेद 90 चौरस मीटर, म्हणजे किलोमीटरला 90 हजार घनमीटर, साधारण 31,800 ब्रास. हायवा डंपरात 5 ब्रास धरले तर सहा हजारांवर खेपा. हा मुरूम येणार कुठून? लीड (मुरूम वाहून आणायचं अंतर) कमी पडावी म्हणून शेजारच्याच माळातून! 2 मीटर खोल खणलं तरी किलोमीटरमागं साडेचार हेक्टर. 60 मीटर रुंद रस्ता स्वतः खातो 6 हेक्टर. भुयारासाठी भराव 7 मीटर केला की छेद 266 वर. पाखरू वाचवायला माळच खरवडून टाकायचा.

लेव्हलमशीन
आकडे बरोबर, हिशेब लबाड. 7 मीटर काही किलोमीटरभर नसतो. जादाचे 4 मीटर अडीच टक्के चढानं 160 मीटरमध्ये उतरतात, वळण धरून अडीचशे. आणि मुरूम माळातूनच काढा असा नियम नाही. बुलढाणा पॅटर्न विसरलात? तळी-नाले खोल केले, माती रस्त्याला.

बांधावरचा
दोघंही मुरमात लोळा. माह्या प्रश्नाचं काय? माळ राखला की रोही (नीलगाय) राखली जाते, तूर फस्त आम्ची होते. वनखात्याचा पंचनामा कधी, पैसे कधी? रस्त्याला भिंत टाकली तर कळप आम्च्याच बाजूला कोंडला जाईल.

कुसळी
रोही माळ मोडल्यामुळेच शेतात येते.

बांधावरचा
हे ऐकून ऐकून कान किटले. माळ होता तवाही येत होती.

कुसळी
बरं, येत होती. पण भिंतीचं खरं आहे, ते आमच्या निवेदनात नाही. घालतो.

बुलढाण्याचं: आपल्याकडच्या तळ्यात गाळ कुठला? काळी माती. मुक्त फुगवण 50 टक्क्यांवर गेली की ती भरावात चालत नाही. रस्ता उन्हाळ्यात फाटतो, पावसाळ्यात उचलतो. गाळाखालचा मुरूम लागेपर्यंत तळं खोल करावं लागतं.

लेव्हलमशीन
करतात की. वरचा गाळ शेतकरी नेतो, खालचा मुरूम आम्ही. आणि पारसची राख? औष्णिक केंद्रापासून 300 किमीच्या आत भरावात राख वापरायचीच आहे.

डांबरी
राख आमच्या विहिरींवर बसेल!

लेव्हलमशीन
मघाशी पाखरांना पंख होते, आता विहिरीला नाक आलं? राख गाभ्यात जाते, दोन्ही बाजूंना मातीचं कवच, पाणी मारून थर दाबतात. कवच कमी ठेवलं किंवा पाण्याचा टँकर वाचवला की मात्र उडते. तो ठेकेदाराचा कारभार.

कुसळी
म्हणजे मुरूम माळाबाहेरून आणता येतो, मग निविदेत 'बॉरो एरिया (मुरूम खणायची जागा) ई-क्लासवर नको' लिहायला काय अडचण? त्या माळावर माती जेमतेम वीतभर. ती एकदा खरवडली की गवताची मुळं-बी गेलं, पाठोपाठ वेडी बाभूळ येते.

लेव्हलमशीन
लिहिता येतं. लीड वाढते, दर वाढतो. मुरमाचं मान्य. तुमच्या पाखराचं नाही.

सातबारा
निविदा फार पुढची. आखणीच्या अहवालात बहुधा तीन पर्याय असतात. तो अहवाल आणि नकाशाची केएमएल फाइल माहितीच्या अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर. तोवर नर उडी मारतो त्या जागांचे जीपीएस बिंदू तारीख-वेळेसह जैवविविधता समितीच्या नोंदवहीत चढवा. ऑगस्टमध्ये पहाटे आणि संध्याकाळी, ढगाळ असेल तर दिवसभर. नोव्हेंबरात गेलात तर नुसतं वाळलं गवत मोजाल, आणि तीच 'पक्षी आढळला नाही' म्हणून नोंद होईल.

लेव्हलमशीन
बिंदू मिळाले तर रेघ दक्षिणेला सरकते का, बघता येईल. साधारण 800 मीटर. तिकडे खासगी शेतं आहेत, 3अ लागेल.

बांधावरचा
दक्षिणेला माही तूर हाये ना बे!